अल्मोड्याहून एकाच दिवसात जागेश्वर + बिनसर : जमेल का?

वेलदोडा
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उत्तराखंडातल्या कुमाऊँला चाललोय. आम्ही दोघं, तेरा वर्षांचे चिरंजीव, नणंद आणि अडुसष्टीच्या सासूबाई. नैनितालला तीन रात्री, मग अल्मोड्याला दोन. अल्मोड्यात जो एक अख्खा दिवस हातात आहे, त्याचा ट्रॅव्हलवाल्याने पाठवलेला कार्यक्रम जसाच्या तसा देते:

सकाळी ८ नाश्ता, चितई गोलू देवता, जागेश्वर, जेवण, कसार देवी, बिनसर झिरो पॉइंटला सूर्यास्त, हॉटेलवर परत.

कागदावर झकास. फोनवरचा नकाशा म्हणतो सगळा मिळून पाच तासांचा प्रवास. नवरा म्हणतो, "होतंय की!" सासूबाईंना जागेश्वर हवंच, ज्योतिर्लिंग म्हणून. चिरंजीवांना जंगलात चालायचंय आणि बिबट्या बघायचाय. मला बर्फाची शिखरं. नणंदेला काहीही चालतं, फक्त तिला गाडी लागते.

कुणी केलंय का हे असं? आणि झिरो पॉइंटची वाट सासूबाईंना झेपेल का? गुडघे धड आहेत, पण चढाला दम लागतो.

चहाबाज
बाकरवडीची पुडी फोडून बसलोय. येऊ द्या प्रतिसाद.

सुसाट
आम्ही केलंय. सगळं झालं एका दिवसात. सकाळी लवकर निघायचं, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास, जेवण गाडीत. उगाच लोक घाबरवतात. ड्रायव्हर चांगला हवा, बास.

तिरकसराव
@सुसाट, जागेश्वरला अर्ध्या तासात सव्वाशे देवळं? म्हणजे देवळागणिक चौदा सेकंद आले. महादेवानेच तुम्हाला हात जोडले असतील.

सुसाट
सगळ्या देवळांत कोण जातं हो? मुख्य दोन बघायची. बाकीची सारखीच दिसतात.

उत्तरायण
वेलदोडाताई, नोकरीनिमित्त मी बरीच वर्षं हल्द्वानीत आहे, या रस्त्यांवर जाणं-येणं असतं. म्हणून जरा सविस्तर.

पहिली अडचण म्हणजे दिशा. अल्मोड्याहून जागेश्वरचा रस्ता पिथौरागढकडे जातो: चितई, बाडेछिना, पनुवानौला, मग आरतोलाला डावीकडे वळून खाली दरीत. एका बाजूचे ३६ किमी. बिनसरचा रस्ता निराळाच. कसार देवी, दीनापानी, कपडखान करत अयारपानीच्या फाटकातून अभयारण्यात शिरायचं, साधारण ३०-३३ किमी. म्हणजे जागेश्वर करून पुन्हा अल्मोड्यापाशी यायचं आणि तिथून दुसरीकडे निघायचं. बेरीज १४० किमीच्या आसपास. डोंगरात ताशी २५ धरा. फाटकापासून वरच्या विश्रामगृहापर्यंतचा रस्ता तर इतका अरुंद की समोरून गाडी आली की दोघांतल्या एकाला मागे जावं लागतं. नकाशावरचे पाच तास सहज साडेसहा होतात. त्यात नणंदबाईंसाठीचे थांबे वेगळे.

दुसरी अडचण सूर्याची. अल्मोडा मुंबई-पुण्याच्या बरंच पूर्वेला आणि उत्तरेलाही आहे. नोव्हेंबरअखेर तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आपलं डोकं साडेसहाच्या हिशेबाने चालतं आणि फसतं. झिरो पॉइंट म्हणजे गाडीतून उतरून फोटो काढायची जागा नव्हे. गाडी विश्रामगृहापाशी थांबते, तिथून पुढे बांज (ओक) आणि बुरांशच्या (लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन) दाट रानातून दीड-दोन किमी पायी. सूर्यास्त बघून निघालात तर परतीची सगळी वाट अंधारात, आणि तीही बिबट्याच्या रानात. स्थानिक गाइड त्या वेळेला वर नेणारच नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

वाट मात्र सौम्य आहे. सासूबाई रोज थोडं चालत असतील तर थांबत थांबत आरामात जातील.

वेलदोडा
बापरे, सूर्यास्ताचं डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद. म्हणजे एकच ठिकाण निवडायचं तर कुठलं?

कडेकपारी
बिनसर. प्रश्नच नाही. देवळं आपल्याकडे थोडी आहेत का? झिरो पॉइंटवरून केदारनाथ-चौखंबापासून त्रिशूल, नंदादेवी, नंदाकोट, पंचाचुलीपर्यंत सरळ रांग दिसते. नंदादेवी ७८१६ मीटर, आणि तुम्ही उभे २४०० वर. असलं दृश्य गाडीरस्त्याच्या इतकं जवळ फार ठिकाणी मिळत नाही.

मंदिरवाचक
साफ असहमत. शिखरं ढगात असली की झिरो पॉइंटवर काय बघणार? शिखरं बघायला बांधलेला मनोरा आणि धुकं. जागेश्वर ढगातही जागेश्वरच असतं, उलट जास्तच खुलतं.

आणि @सुसाट, "सारखीच दिसतात" हे कुणी सांगितलं? सातव्या शतकापासून पुढे काही शतकं तिथे बांधकाम चाललं होतं. एक देऊळ माणसापेक्षा जेमतेम उंच, शेजारी महामृत्युंजयाचं भलंमोठं नागर शिखर, आणि माथ्यावर पावसा-बर्फापासून बचावाला लाकडी छत्री. जागनाथाच्या दारावर नंदी आणि स्कंदी हे द्वारपाल आहेत, ते नीट बघा. गावाच्या अलीकडे दंडेश्वर लागतं, तिथे सगळे गाडी न थांबवता पुढे जातात. समूहातलं सर्वात उंच देऊळ तेच. गर्दी नसते, शेजारून ओढा वाहतो. पुरातत्त्व खात्याचं छोटं संग्रहालयही बघून घ्या.

जंगलात चालायला बिनसरच हवं असंही नाही. जागेश्वरहून वृद्ध जागेश्वरला देवदारातून पायवाट चढते आणि वर हिमशिखरंसुद्धा दिसतात. चढ मात्र खडा आहे. सासूबाईंनी गाडीरस्त्याने यावं, चिरंजीवांनी पायी.

नागनाथाचा_शेजारी
बाकी चालू द्या, पण जागेश्वरला ज्योतिर्लिंग म्हणण्याबद्दल तीव्र निषेध! नागेश ज्योतिर्लिंग आमच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढ्याला. इतक्या लांब कशाला जाता? औंढ्याला या, दर्शन घ्या, जेवायला घरी या.

द्वारकावासी
द्वारकेजवळचं नागेश्वर विसरलात वाटतं?

तिरकसराव
झालं. आता धागा शंभरी गाठणार.

मंदिरवाचक
वाद जुनाच आहे. स्तोत्रात फक्त "नागेशं दारुकावने" एवढंच आहे, जिल्हा-तालुका दिलेला नाही. जागेश्वरवाले म्हणतात दारुकावन म्हणजे हे आमचं देवदाराचं रान. द्वारकेकडचे आपला दावा सांगतात, औंढेकर आपला. औंढ्याची गोष्ट आपल्याला जवळची, कारण नामदेवांना विसोबा खेचर तिथेच भेटले आणि कीर्तनासाठी देऊळ फिरल्याची कथाही तिथलीच. निकाल लावायला बसू नये. तिन्ही देवळं बघण्यासारखी आहेत.

वेलदोडा
सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. औंढा आणि द्वारका दोन्ही त्यांचं आधीच झालंय. म्हणाल्या, "तिसरं पण करून टाकते, खरं कोणतं ते त्याचं तो बघेल." त्यामुळे जागेश्वर रद्द होणं अशक्य.

चहाबाज
सासूबाईंचा वेगळा आयडी काढा. आम्ही त्यांचे फॅन.

ऊर्जास्रोत
कसार देवी अजिबात चुकवू नका. ते व्हॅन ॲलन पट्ट्यावर आहे, नासाने शोध लावलाय. जगात अशा तीनच जागा. तिथे बसलं की डोकं आपोआप शांत होतं, स्वतः अनुभव घेतलाय.

सूक्ष्मदर्शी
व्हॅन ॲलन पट्टे १९५८ साली 'एक्सप्लोरर १' या उपग्रहावरच्या उपकरणामुळे कळले. ते म्हणजे भारित कणांचे पट्टे, पृथ्वीभोवती आहेत, साधारण हजारेक किमी उंचीपासून पुढे, आणि कुठल्याही एका टेकडीवर टेकलेले नाहीत. या हिशेबाने पट्टा माझ्या गॅलरीवरूनही जातो. डोकं शांत होत नाही, कारण खाली रिक्षा स्टँड आहे.

ऊर्जास्रोत
विज्ञानाला सगळं कळतं असं नाही.

सूक्ष्मदर्शी
कबूल. पण मग नासाला मध्ये ओढू नका ना.

उत्तरायण
भांडू नका. कसार देवी त्या पट्ट्याविनाही छान आहे. १८९० मध्ये विवेकानंद कुमाऊँत आले तेव्हा तिथे ध्यानाला बसले होते. पुढे लामा अनागारिक गोविंद त्या कड्यावर कितीतरी वर्षं राहिले. चढ थोडका, पायऱ्या नीट, आणि बिनसरच्या रस्त्यावरच आहे, म्हणजे बिनसरहून परतताना सहज होतं. संध्याकाळी तिथेच थांबा. सूर्यास्त बघायला झिरो पॉइंटपेक्षा हजारपट सोयीचं, शंभर पावलांवर गाडी आणि चहा.

गाडीलागी
नणंदबाईंसाठी: पुढची सीट, मागे वळून गप्पा मारायच्या नाहीत, फोनकडे बघायचं नाही. सकाळी पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. आणि ड्रायव्हरला पहिल्या वळणाआधीच सांगा. शरमेपोटी गप्प बसणारे लोक खिडकीशी पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

पिसारा
चिरंजीवांना बिबट्याची आशा लावू नका. तो असतो, त्याच्या खुणा वाटेवर दिसतात, पण दर्शन नशिबाचं. त्यापेक्षा भेकर ऐका. तिकडे त्याला काकड म्हणतात. कुत्र्यासारखं भुंकतं, आणि सारखं भुंकत राहिलं तर जवळपास काहीतरी असण्याची शक्यता. कलीज कोंबडे वाटेच्या कडेला पालापाचोळा उकरताना दिसतील. दुर्बीण एक घ्या, भांडणं टाळायची असतील तर दोन.

कडेकपारी
बिबट्या नाही दिसला तरी बिच्छू घास, म्हणजे हात लागला की आग होणारं झुडूप, नक्की भेटेल. हात लावू देऊ नका पोराला. स्थानिक लोक कोवळी पानं तोडून त्याची भाजी करतात, हे ऐकून तो हमखास हात लावणार.

पाटावरवंटा
भाजीवरून आठवलं. तिकडचं जेवण आपल्याला परकं वाटत नाही हो. मडुव्याची रोटी म्हणजे आपली नाचणीची भाकरी, गहतची डाळ म्हणजे कुळीथ. फोडणीला जख्या असतो, बारीक काळे दाणे, दाताखाली कुरकुरतात. मी अर्धा किलो आणला, बटाट्याच्या भाजीला अप्रतिम. हॉटेलात पनीर बटर मसाला मागवण्यापेक्षा सकाळीच सांगून ठेवा, संध्याकाळी भट की चुडकानी (काळ्या सोयाबीनची आमटी) करून देतात. अल्मोड्याची बाल मिठाई सगळे सांगतीलच. मला सिंगौडी जास्त आवडते, मालूच्या पानाच्या द्रोणात गुंडाळलेला खवा. पानाचा वास त्यात उतरतो. मात्र फार दिवस टिकत नाही, घरी न्यायची तर शेवटच्या दिवशी घ्या.

सुसाट
एवढं खात बसलात तर झिरो पॉइंट खरंच होणार नाही.

घाटवाट
एका दिवसात उरकण्याच्या विरोधात माझंही एक मत. सह्याद्रीत भटकणारे आपण "दोन किमी? हॅ!" म्हणतो. बिनसरच्या वाटेवर किलोमीटर मोजून उपयोग नाही. बांजाच्या खोडांवर दगडफूल आणि शेवाळ इतकं चढलेलं असतं की मूळ साल दिसत नाही. फांद्यांवर नेचे उगवलेले. अशा ठिकाणी घड्याळ बघत चालायचं असेल तर अल्मोड्याच्या बाजारातच फिरा.

बुटांबद्दल: गुळगुळीत तळ नको. अयारपानीच्या खालच्या पट्ट्यात चीडाचं (पाइनचं) रान आहे, तिथे उतारावर वाळलेल्या सुयांचा थर असतो, पिरूल म्हणतात. सांडलेल्या साबुदाण्यावरून चालल्यागत पाय सटकतो. सासूबाईंना काठी द्या. काठी टेकवतानाही सुया टोकाने बाजूला सारून, माती दिसल्यावरच भार टाकायचा.

उत्तरायण
पिरूलचा विषय निघाला म्हणून जरा अवांतर. फाटकाखालचं चीड आणि वरचं बांज यातला फरक मुलाला नक्की दाखवा. चीड इंग्रजांच्या वनखात्याचं लाडकं, लिसा म्हणजे राळ आणि रेल्वेच्या स्लीपरसाठी. खोडावर खाच पाडून खाली डबा लावलेला अजूनही दिसतो. त्याच्या सुया उन्हाळ्यात वाळून भडकतात. बांजाचा पाला कुजून जमिनीत पाणी धरतो. गावकऱ्यांना गुरांचा चारा, जळण आणि नौल्याचं पाणी देणारं झाड ते. नौला म्हणजे झऱ्यावर बांधलेली दगडी पायऱ्यांची छोटी विहीर. म्हणून कुमाऊँत जंगलाचं भांडण कायम पोटाचं राहिलंय. १९२१ मध्ये वनकायद्यांविरुद्ध लोक उठले, त्याच वर्षी जानेवारीत बागेश्वरला उत्तरायणीच्या मेळ्यात कुली बेगारीची, म्हणजे सक्तीच्या फुकट हमालीची, रजिस्टरं शरयूत बुडवली गेली.

आणि जून २०२४ मध्ये याच बिनसरच्या वणव्यात आग विझवायला गेलेले वनखात्याचे कर्मचारी होरपळून गेले. तेव्हा फाटकावर काडेपेटी-सिगारेटवरून कुणी टोकलं तर हुज्जत घालू नका. नोव्हेंबरात धोका कमी असतो, पण माणसं ते विसरलेली नाहीत.

मंदिरवाचक
+१. हे अवांतर नव्हे.

हिशेबी
मूळ प्रश्नाकडे येऊ का? नैनितालला तीन रात्री कशाला? तळं, माल रोड, दोन-तीन पॉइंट, संपलं. एक रात्र तिथली कापा, अल्मोड्याला जोडा. पहिला दिवस चितई, दंडेश्वर, जागेश्वर आणि वृद्ध जागेश्वर, चारही एकाच रस्त्यावर. दुसरा दिवस पहाटे बिनसर, येताना कसार देवी. प्रत्येकाचं काम झालं, कुणाला चौदा सेकंदांत दर्शन नको.

वेलदोडा
@हिशेबी, हेच करतोय! ट्रॅव्हलवाला कुरकुरला, पण हॉटेलची रात्र बदलून दिली. बिनसरला मुक्काम करावा का, तेवढं सांगा.

उत्तरायण
पहाटेची शिखरं हवी असतील तर करावा. मात्र सरकारी विश्रामगृहात वीज संध्याकाळचे थोडे तासच असते, थंडी कडक पडते, आणि सासूबाईंना रात्री उठावं लागत असेल तर विचार करा. अल्मोड्याहून पहाटे निघालात तरी दहाच्या आत वर पोहोचाल. नोव्हेंबरात सकाळभर आकाश बहुधा मोकळं असतं.

अजून एक, जागेश्वर अरुंद दरीत आहे. देवदार इतके उंच की ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. दुपारीसुद्धा स्वेटर हाताशी ठेवा. देवळात अनवाणी फिरायचंय, फरशी बर्फासारखी गार असते. जाड मोजे न्या.

तिरकसराव
चितईला गोलू देवतेला स्टँपपेपरवर अर्ज लिहून टांगतात, हे कुणी सांगितलं नाही का? न्यायदेवता आहे तो. हजारो घंटा आणि दोरीला लटकलेले अर्ज: जमिनीचे दावे, नोकरी, लग्न. वाचत बसलं तर अर्धा दिवस जाईल, पण दुसऱ्याचे अर्ज वाचू नयेत. ताई, तुमच्या ट्रॅव्हलवाल्याविरुद्ध एक टाकून या.

वेलदोडा
जाऊन आलो! लिहायला उशीर झाला, क्षमस्व. थोडक्यात वृत्तांत.

जागेश्वरचा दिवस सासूबाईंचा. मोज्यांसाठी उत्तरायण यांना त्यांचे आशीर्वाद. द्वारपाल पुजाऱ्यांनीच दाखवले. दंडेश्वरला आमच्याशिवाय एक कुत्रं आणि दोन शाळकरी मुलं. वृद्ध जागेश्वरची पायवाट नवरा आणि मुलगा चढले, आम्ही गाडीने. नवरा वर पोहोचला तेव्हा काही बोलण्याच्या अवस्थेत नव्हता.

बिनसरला फाटकावरून गाइड घेतला, गावातलाच मुलगा. सासूबाई दर वळणावर थांबत, त्याला घरच्या गाई-म्हशींची चौकशी करत शेवटपर्यंत आल्या. भेकर भुंकलं, दोनदा, आणि चिरंजीव तासभर कुजबुजत बोलत होते. आम्हाला ती शांतता फार मानवली. मनोऱ्यावरून पूर्ण रांग. त्रिशूलची तीन टोकं ओळखली की उजवीकडे नंदादेवी सापडते, गाइडची ही युक्ती पुढच्यांनी लक्षात ठेवा. दहानंतर खालून वाफ चढू लागली आणि अकरापर्यंत पंचाचुली पुसट झाली. म्हणजे दुपारी आलो असतो तर निम्मी रांग गेलीच होती.

बिच्छू घासला हात लावला. पोराने नव्हे, नवऱ्याने.

कसार देवीला माझं डोकं शांत झालं, पट्ट्यामुळे की चहामुळे ते सांगता येणार नाही.

चहाबाज
चहामुळे. विषय संपला.

ऊर्जास्रोत
मी काही बोलत नाही.

नागनाथाचा_शेजारी
सासूबाईंना कौल विचारलात का? तिन्ही झाली ना आता?

वेलदोडा
विचारलं. "औंढ्याला गर्दी होती, द्वारकेला ऊन होतं, इथे थंडी होती," एवढंच म्हणाल्या. अर्थ तुम्ही लावा.

पाणपोई
उत्तम धागा, वाचनखूण साठवली. आम्ही मार्चअखेर जातोय. हाच कार्यक्रम चालेल का? बुरांश फुललेला मिळेल?

उत्तरायण
बुरांश साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे मार्चअखेर झिरो पॉइंटच्या वाटेवर लाल सडा मिळायला हरकत नाही. शिखरांची मात्र नोव्हेंबरइतकी खात्री नको. हवा धुरकट व्हायला लागते, वणवे लागले असतील तर अजूनच. म्हणून बिनसर पहिल्या दिवशी ठेवा आणि जागेश्वर दुसऱ्या. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही, तर दुसऱ्या दिवशी वृद्ध जागेश्वरला आणखी एक संधी मिळते. बुरांशचं सरबत वाटेत जागोजागी विकायला असतं. घेण्याआधी थोडं चाखून बघा, काही ठिकाणी नुसता साखरेचा पाक आणि रंग असतो.